५२/४२ची (पुढच्या दोन दातेरी चक्रांना, म्हणजे चेनरिंगना, ५२ आणि ४२ दाते) जुनी रोड बाइक चढावर जड जाते. पुढे ३४ची चेनरिंग बसेल का, की दुकानदार म्हणतो तसा अख्खा क्रँकसेटच (पेडलचे दांडे आणि चेनरिंग) टाकून द्यावा?

"टाकून द्या" हे शब्द वाचले आणि लिहायला बसलो. हेच मी आमच्या दादाकडून तीन वर्षं ऐकत होतो.

आत्ता काहीही विकत घेऊ नका. व्हर्नियर घ्या आणि शेजारशेजारच्या दोन चेनरिंग बोल्टचं अंतर मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. त्याला १.७ने गुणा. पाच बोल्टच्या क्रँकला हा हिशोब चपखल लागतो, बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास मिळतो. ७६.४ मिमी आलं तर १३०, ६४.७ आलं तर ११०, ८४.६ आलं तर १४४.

मी मोजलं नव्हतं. सायकल बाबांची, १९८०च्या आसपासची. आतल्या रिंगचे दाते झिजून करवतीसारखे एका बाजूला झुकले होते. म्हटलं बदलायचीच आहे तर ४२च्या जागी ३९ घेऊ, चढ हलके होतील. विकणारा म्हणाला, "पाच बोल्ट ना? मग बसेल." घेतली.

रविवारी सकाळी क्रँक खोलला. बोल्ट काढल्यावर त्याच्या खालचा वॉशर आतच चिकटून राहिलाय का, हे काडीने चाचपून पाहिलं. तो राहिला तर पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) आसाऐवजी वॉशरला रेटतो आणि क्रँकचे आटे उपटून येतात. एवढं सगळं जपून केलं आणि नवी रिंग स्पायडरवर (क्रँकच्या ज्या पाच हातांवर रिंग बसते) ठेवली, तर एक भोक जुळवलं की शेजारचं आठ मिलिमीटरने चुकतंय. फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली. दादा दारात उभा होता. म्हणाला, "बाबांची म्हणून किती दिवस उराशी धरणार आहेस? भंगारात दे." ते फार लागलं. अजून लागतं.

संध्याकाळी मोजलं. ८४.६. म्हणजे १४४. त्यावर ४१पेक्षा लहान रिंग मिळतच नाही, कारण त्याखाली दाते आणि चेन बोल्टांवरच येतात. आणि ४२चे ४१ करून पायाला काही कळत नाही.

मग लक्ष मागच्या चाकावरच्या चक्रांकडे गेलं. त्यातलं सगळ्यात मोठं २६ दात्यांचं होतं. ३९ला २६ने भागलं की १.५ येतं. ४२ला २८ने भागलं तरी १.५च. म्हणजे पुढे ३९ लावून जे मिळणार होतं, ते मागचं फ्रीव्हील (त्या चक्रांचा संच) बदलून जसंच्या तसं मिळत होतं. बरोबर व्यासाची ४२ची नवी रिंग, २८पर्यंतचं फ्रीव्हील आणि नवी चेन, एवढंच घातलं. क्रँक बाबांचाच राहिला. ज्या चढावर मी उतरून सायकल ढकलायचो तो बसल्या बसल्या चढलो. दादा सोबत होता, त्या दिवशी काही बोलला नाही.

तुमचं ५२/४२ म्हणजे बहुधा १३० किंवा १४४ असणार. १३० निघालं तर ३९ किंवा ३८ सरळ बसेल. ३४ नाही बसणार, त्यासाठी ११० लागतं. समजा ११० निघालंच, तरी ५२बरोबर ३४ लावू नका. अठरा दात्यांच्या फरकाने सैल पडलेली चेन जुन्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आवरत नाही. बाहेरची ५०ची करा, आणि पुढचा डिरेलर तेवढा खाली घ्या. त्याचा पिंजरा मोठ्या रिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर हवा. बहुतेक लोक हे विसरतात आणि मग रिंगला नावं ठेवतात.

जुनी चेन नव्या रिंगवर कृपा करून चढवू नका. पिनेपासून पिनेपर्यंत १२ इंच असलेला तुकडा पट्टीवर १/१६ इंचाने वाढलेला दिसला की चेन गेली. १/८ने वाढला असेल तर मागचे दातेही गेले, नवी चेन त्यांच्यावरून जोर लावताच घसरेल.

एक सांगायचं राहिलं. शर्यतीसाठी बनवलेले काही जुने मागचे डिरेलर २६च्या पुढचं फ्रीव्हील घेत नाहीत, तेव्हा २८ घेण्याआधी तुमच्यावरचा कुठला आहे ते बघा.

आणि क्रँक खोललाच आहे तर पुसून उजेडात धरा. क्रँकचा दांडा आणि स्पायडरचे हात जिथे मिळतात, त्या खाचेत केसासारखी रेघ दिसते का, नखाने तपासा. अ‍ॅल्युमिनियमचे जुने क्रँक अनेकदा तिथे तडकतात. रेघ असेल तर दुकानदाराचं ऐका आणि क्रँक बदला. नसेल, तर त्याला तुमच्या क्रँकचं माप विचारा. मोजल्याशिवाय टाकायला सांगितलं असेल, तर त्याला ते सांगता येणार नाही.