द्राक्षाच्या पानामागे लाल कोळ्यांत पळणारा फिकट, चकचकीत कोळी कोणता? त्याच्यावर फवारणी करावी का? (नाशिक)

फवारणी करू नका. वर्णनावरून हा फायटोसेइडी कुळातला भक्षक कोळी आहे आणि लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, हेच त्याचं खाद्य. खूण चालीत आहे. लाल कोळी जाळीत संथ सरकतो, हा शिरेलगत सुसाट पळतो. दहापट भिंगातून पाहा: मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, नासपतीच्या आकाराची, डोळे नाहीत. पुढचे दोन पाय चालण्यापेक्षा चाचपडायलाच जास्त, सारखे हवेत हलत असतात. अंडीही बघा: लाल कोळ्याचं गोल मण्यासारखं, याचं लांबट आणि मोठं. भारतात लाल कोळ्यावर नेहमी सापडणारी यातली जात म्हणजे निओसेयुलस लाँगिस्पिनोसस. पाठीवरचे केस लांब, नाव त्यावरूनच. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तैवान इथेही ती आढळते.

रंगावर मात्र विसंबू नका, लाल कोळी खाल्ला की याचंही पोट लालसर दिसतं. जात नक्की करायची तर मादीची स्लाइड करून पाठीचे केस आणि शुक्रकोश (मादीच्या शरीरातली वीर्य साठवणारी पिशवी) सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात, भिंग पुरत नाही.

बागेत हा टिकत नाही त्याची कारणं बहुधा दोन:
- भुरीसाठी (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी) वारंवार गंधक, किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड या गटातल्या कीटकनाशकांची फवारणी. पायरेथ्रॉइडने हा मरतो, लाल कोळी उरतो आणि मोकळं रान मिळून झपाट्याने वाढतो.
- खरड छाटणीनंतरची (द्राक्षवेलीच्या उन्हाळी छाटणीनंतरची) कोरडी हवा. तिच्यात याची अंडी सुकतात.