गरोदरपणात दम्याचा पंप आणि बाळाची छाती

तू विचारलंयस की लहानपणापासून दमा आहे, पाचवा महिना चालू आहे, घरच्यांच्या आग्रहाने रोजचा पंप बंद केलाय, ते बरोबर की चूक? आणि बाळाला दमा होऊ नये म्हणून काय खावं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण दुसऱ्याचंही निम्मं उत्तर त्यातच आहे. पंप डॉक्टरांनी बंद करायला सांगितला नसेल, तर आजच त्यांना फोन कर आणि पुन्हा सुरू करण्याबद्दल बोलून घे. मी डॉक्टर नाही. दमा सांभाळत दोन बाळंतपणं झालेली बाई आहे आणि या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे.

घरच्यांची भीती मला कळते. रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, आणि तो शब्द ऐकला की माणूस दचकतोच. पण श्वासातून ओढलेल्या औषधाचा डोस अगदी कमी असतो, ते मुख्यतः फुफ्फुसातच काम करतं आणि रक्तात फार थोडं उतरतं. बुडेसोनाइडसारखी पंपातली स्टेरॉइडं असंख्य गरोदर बायकांनी वर्षानुवर्षं घेतली आहेत आणि त्याने बाळात जन्मजात दोष वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट दम्याचा मोठा अटॅक आला तर तुझ्या रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि बाळाला मिळतो तो तुझ्याकडूनच. दमा आटोक्यात नसेल तर वजन कमी असलेलं बाळ, वेळेआधी प्रसूती, गरोदरपणातला रक्तदाब हे सगळं वाढतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची फुफ्फुसं पुरती तयार नसतात, म्हणून अशा मुलांत पुढे घरघर आणि दमा जास्त दिसतो. आईच्या तब्येतीचा मुलाच्या दम्याशी संबंध लागतो तो असा, टप्प्याटप्प्याने.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला दमा असलेल्या 220 गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींचं औषध नेहमीसारखं त्रास बघून ठरवलं, निम्म्या जणींचं उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजून (श्वासनलिकांना सूज असली की हा वायू वाढतो). दुसऱ्या गटात अटॅक जवळपास निम्म्यावर आले. पुढे ज्या मुलांचा मागोवा घेता आला, त्यांच्यात चार ते सहा वर्षांच्या वयात डॉक्टरांनी दम्याचं निदान केलेली मुलं या गटात सुमारे 26 टक्के होती, तर त्रास बघून औषध ठरवलेल्या गटात 43 टक्के. ती चाचणी सगळीकडे होत नाही, आणि एकाच अभ्यासावर सगळं सोडूही नये. पण मला त्यातून हेच दिसतं की आईचा दमा नीट सांभाळला तर फायदा बाळापर्यंत पोहोचू शकतो.

आता पंप कसा घेतेस ते बघ. ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जणींचं औषध घशातच अडकलेलं असतं. पंप हलव, श्वास पूर्ण बाहेर सोड, मग सावकाश आत ओढायला लागतानाच दाब. दहा मोजेपर्यंत श्वास रोखून धर. तोंडातून किंवा डब्याच्या वरून पांढरी वाफ निघताना दिसली तर तो डोस आत गेलेला नाही असं समज. स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी, लावलास तर हे सगळं सोपं होतं. शेवटी खळखळून चूळ भर, नाहीतर तोंड येतं.

दमा असलेल्या साधारण एक तृतीयांश बायकांना गरोदरपणात त्रास वाढतो, एक तृतीयांश जणींचा कमी होतो, बाकीच्यांचा आहे तसाच राहतो. अटॅक येतात ते बहुधा सहाव्या महिन्यापासून पुढे, आणि बऱ्याचदा साध्या सर्दीचं निमित्त होतं. तू त्याच उंबरठ्यावर आहेस, म्हणून इतकं कळकळीने लिहितेय. फ्लूच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचार.

खाण्याचं थोडक्यात. कोपनहेगनला 736 गरोदर बायकांवरच्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेवटच्या तीन महिन्यांत रोज 2.4 ग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-3 दिलं, तर मुलांतली टिकून राहणारी घरघर किंवा दमा 23.7 वरून 16.9 टक्क्यांवर आला. फायदा मुख्यतः ज्यांच्या रक्तात ते मुळातच कमी होतं त्यांना झाला. एवढा मोठा डोस आपल्या मनाने घेऊ नकोस. ड जीवनसत्त्वाचे निकाल संमिश्र आहेत. कमतरता असेल तर ते घ्यायचंच, पण दमा टाळण्याची खात्री त्यात नाही.

खाण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे धूर. फुफ्फुसातल्या श्वासनलिकांच्या फांद्या साधारण चौथ्या महिन्यापर्यंत फुटून झालेल्या असतात, पण फुफ्फुसांची वाढ जन्मानंतरही चालू राहते. आईने सिगारेट ओढली तर बाळाच्या श्वासनलिका जन्मतःच अरुंद राहू शकतात, आणि शेजारी बसून कोणी ओढली तरी धूर तुझ्या श्वासातून आत जातोच. घरात कोणी ओढत असेल तर यावर भांडायला हरकत नाही. खिडकीपाशी उभं राहून ओढणं पुरेसं नाही.

‘तुझ्यामुळे बाळाला दमा होणार’ हे कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. आईला दमा असला की शक्यता वाढते, हे खरं. पण दमेकरी आयांची कितीतरी मुलं दम्याशिवाय मोठी होतात, आणि अनुवंश कोणाच्या हातात नसतो.

पुढच्या तपासणीला दोन्ही पंप, रोजचा आणि धाप लागल्यावरचा, सोबत ने आणि घेऊन दाखव. रात्री खोकल्याने जाग येते का, धाप लागल्यावरचा पंप आठवड्यात किती वेळा लागतो, हे लिहून ने. त्या पंपाने आराम पडला नाही, बोलताना वाक्य तुटायला लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस, तडक दवाखाना गाठ.