ऑर्बिटल समजत नसेल तर आधी कक्षा विसर

बोरच्या १९१३ च्या मॉडेलमधली गोल कक्षा आधी डोक्यातून काढ. श्रोडिंजरच्या १९२६ च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचा मार्ग निघत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच निघतं. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेचा वरून काढलेला फोटो बघ: कोण कुठून चाललंय ते कळत नाही, गर्दी कुठे दाट आहे ते कळतं. ऑर्बिटल म्हणजे असाच दाटपणाचा नकाशा, फक्त एकाच इलेक्ट्रॉनचा.

हायड्रोजनच्या १एस या सर्वांत आतल्या ऑर्बिटलमध्ये पोरं हमखास गोंधळतात. संभाव्यता घनता, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या जागेत सापडण्याची शक्यता, केंद्रकापाशीच सर्वांत जास्त, पण इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वाधिक शक्यता ५२.९ पिकोमीटर अंतरावर. दोन्ही खरं आहे. केंद्रकालगतच्या पातळ गोल थराचं आकारमान नगण्य असतं. बाहेर जावं तसा थर मोठा होतो, घनता मात्र उतरते. दोघांचा गुणाकार ५२.९ ला कमाल गाठतो. हे दोन्ही आलेख वहीत शेजारी शेजारी स्वतः काढ, नुसते बघून भागणार नाही.

क्वांटम नंबरचं सोपं आहे. एन म्हणजे नावातला आकडा (कवचाचा क्रमांक), एल म्हणजे ऑर्बिटलचा आकार सांगणारा नंबर: एससाठी ०, डीसाठी २. एलची किंमत शून्यापासून एन वजा एकपर्यंतच, म्हणून २डी अस्तित्वातच नाही. ३डीमध्ये ५ ऑर्बिटल, १० इलेक्ट्रॉन.

ऑर्बिटलमध्ये इलेक्ट्रॉन भरताना एन अधिक एल बघ: ४एसचे ४, ३डीचे ५, म्हणून ४एस आधी. पण लोहाचा द्विधन आयन (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) लिहिताना ४एसमधलेच दोन आधी जातात आणि ३डीमध्ये ६ उरतात. मार्क इथेच कापले जातात. भरण्याच्या या क्रमाला क्रोमियम आणि तांबं हे अपवाद, ते सरळ पाठ कर.