फिल्टरचा जोर जातो कुठे?

प्रश्न : आमचा फिशटँक ३६×१५×१५ इंचांचा आहे, त्यात चार गोल्डफिश. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) खालच्या कपाटात ठेवलाय. खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलंय, पण तीन महिन्यांतच धार मंदावली. कोपऱ्यात घाण साचते. पाणी तीन फूट वर चढवावं लागतं म्हणून असं होतं का? मोठा फिल्टर घ्यावा का? बोरिंगचं पाणी वापरतो. – एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. उंचीचा यात दोष नाही. एका नळीतून पाणी वर चढतं, तेवढंच दुसरीतून उतरत असतं, त्यामुळे चढाचा भार उतार फेडतो. पंप झगडतो तो नळ्या, वळणं आणि मीडियाशी, म्हणजे फिल्टरच्या टोपल्यांत भरलेल्या स्पंज, रिंग्ज आणि कापसाशी.

आधी मोजा. परतीच्या नळीचं तोंड टँकमधल्या पाण्याच्या पातळीला धरून ५ लिटरचं भांडं भरा. २० सेकंदांत भरलं तर ताशी ९०० लिटर, ४० सेकंद लागले तर ४५०. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता तुमच्या टँकमध्ये साधारण ११० लिटर पाणी आहे. गोल्डफिश भारी घाण करतात, म्हणून ताशी ६५० च्या खाली जाऊ नका. खोक्यावरचा आकडा बहुधा मीडियाशिवाय मोजलेला असतो, त्याच्या मागे लागू नका.

आता टोपल्या रिकाम्या करून पुन्हा मोजा. मीडिया तोवर टँकच्याच पाण्यात बुडवून ठेवा. धार सुधारली तर दोष मीडियाचा. बहुतेकदा कापूस आधी आणि स्पंज नंतर भरलेला असतो. मग कापूस आठवड्यात गच्च होतो आणि पाणी टोपलीच्या कडेने पळतं. पाण्याच्या वाटेवर आधी जाड स्पंज, मग रिंग्ज, शेवटी कापसाचा पातळ थर, तोही न दाबता. स्पंज आणि रिंग्ज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने धुवा; नळाच्या क्लोरिनने उपयोगी जिवाणू मरतात. कापूस सरळ बदला.

रिकाम्या टोपल्यांनीही धार मंदच? मग इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं फिरतं चक्र पाहा. बोरिंगच्या जड पाण्याने त्याच्या खाचेत क्षाराचा पांढरा थर बसतो. प्लग काढून इम्पेलर सरळ ओढा (सिरॅमिकची दांडी वाकड्या ओढीने तुटते), अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. नळ्यांमधला बुळबुळीत थर लांब ब्रशने काढा. कपाटामागे दुमडलेली जास्तीची नळी कापून टाका.

धार कमी करायची तर परतीच्या बाजूचा कॉक फिरवा. आत येणाऱ्या बाजूचा कधीच नको. पंप उपाशी राहून खडखडतो.

कोपऱ्यासाठी : पाणी ओढणारी आणि सोडणारी नळी एकाच टोकाला लावा, धार लांब काचेला समांतर सोडा. पाणी फेरी मारून येताना घाण सोबत आणतं.

प्रश्न : २० लिटरच्या टँकमधला फायटर मासा पॉवर फिल्टरच्या धारेने ढकलला जातो. काय करू? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : फिल्टर बदला. छोटा स्पंज फिल्टर, एअर पंप आणि हवेचा कॉक पुरे. बुडबुडे मोजता येतील इतकी हवा ठेवा. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की टँकचं पाणी उलटं पंपात उतरतं.