सत्तर वर्षांचं डिस्नेलँड आणि एक बाकडं

(मुलांकडे जाताना : परदेशातल्या मुलाबाळांकडे निघालेल्या वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात चार पत्रं कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडबद्दलच आली. 17 जुलै 1955 ला उघडलेल्या या पार्कला गेल्या जुलैत सत्तर वर्षं झाली. त्याचा सोहळा 16 मे 2025 ला सुरू झालाय आणि 9 ऑगस्ट 2026 पर्यंत चालणार आहे. उन्हाळ्यात मुलांकडे निघालेल्या घरांत सध्या हाच विषय दिसतोय. डिस्नेलँड ज्या गावात आहे त्या अनाहाइमपासून मी अर्ध्या तासावर 31 वर्षं राहते, त्यामुळे या वेळी सगळं स्वतः पाहिलेलंच लिहिते आहे.

ताई, मुलगा अर्वाइनला असतो. एप्रिलअखेर आम्ही दोघं तिकडे जातोय. सूनबाईंनी मे महिन्यातली डिस्नेलँडची तिकिटं काढून ठेवलीत, आमचीसुद्धा. मी 70 वर्षांची, हे 74, सैन्यातून निवृत्त. माझे दोन्ही गुडघे गेलेत. नात 5 वर्षांची. त्या पोरखेळात आम्ही म्हाताऱ्यांनी जाऊन काय करायचं? आमच्यापायी त्यांचा दिवस वाया जाईल. मी घरी थांबते म्हटलं, तर सून हिरमुसली. काय करू?
— एक आजी, सातारा

ताई, जा. नक्की जा. तुमचं आणि त्या पार्कचं वय एकच आहे, आणि सोहळा सत्तरीचाच आहे. तुम्ही नाही जायचं तर कुणी जायचं?

हे पार्क सुचलं कसं, ते आधी सांगते. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जायचे. मुली मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि बाप बाजूच्या बाकड्यावर शेंगदाणे खात त्यांच्याकडे बघत बसायचा. मुलं खेळणार आणि मोठ्यांनी नुसतं बसायचं असं का, दोघांनाही मजा येईल अशी एखादी जागा का नसावी, हा विचार त्यांच्या डोक्यात तिथे आला, असं ते स्वतः सांगत. तिथलं एक बाकडं पुढे डिस्नेलँडच्या ऑपेरा हाउसमध्ये आणून ठेवलं. मी ते पाहिलंय. साधं लाकडी, आपल्या एसटी स्टँडवर असतं तसं. म्हणजे या सगळ्याची सुरुवात बसून राहिलेल्या माणसापासून झाली आहे. तुम्ही तिथे बाकड्यावर बसलात, तर कुणाचा दिवस वाया जाणार नाही.

हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण मी एकदा चुकले आहे. 2005 मध्ये पार्कची पन्नाशी साजरी होत होती. पार्कातल्या परीकथेतल्यासारख्या किल्ल्याच्या मनोऱ्यांवर सोनेरी मुकुट चढवले होते. माझी आई तेव्हा 71 वर्षांची, मिरजेहून पहिल्यांदाच आलेली. एवढ्या लांबून आली आहे तर सगळं दाखवायचं, या हट्टापायी मी तिला सकाळी आठपासून एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नेत होते. ती "हो, छान आहे" म्हणत मागून येत होती. संध्याकाळी तिने बूट काढले. नवे बूट, मीच घेऊन दिलेले. टाचेला मोजा चिकटला होता आणि त्यावर रक्ताचा रुपयाएवढा डाग. "तुझा विरस नको म्हणून बोलले नाही गं," म्हणाली. मग मात्र आम्ही किल्ल्यासमोर एका बाकड्यावर बसलो, ते पार अंधार पडेपर्यंत. ती किल्ल्याकडे बघून म्हणाली, "हा तर एवढासाच की!" खरंच आहे ते. तो फक्त 77 फुटांचा आहे. खालचे दगड मोठे आणि वर जाल तसे लहान करत नेलेत, म्हणून उंच भासतो. हे सांगितल्यावर ती कितीतरी वेळ एकेक थर निरखत होती. पुढे अकरा वर्षं ती डिस्नेलँड म्हणून सगळ्यांना सांगायची ते त्या दीड तासाबद्दल. एकाही राइडचं नाव तिच्या लक्षात नव्हतं.

म्हणून ताई, तुमचा दिवस असा आखा. प्रवेशाजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती सकाळीच घ्या. पाय दुखायला लागल्यावर बघू, असं म्हणू नका. लाज तर अजिबात वाटून घेऊ नका, तुमच्यासारखे शेकडो दिसतील. बूट सहा महिने वापरलेले घाला. पहिल्यांदा आगगाडीत बसा. ती पार्काला सगळा वळसा घालून वीसेक मिनिटांत परत आणते, म्हणजे कुठे काय आहे ते बसल्या जागी कळतं. भर दुपारी नातीला घेऊन टिकी रूममध्ये जा. आत गारवा, बसायला जागा आणि छताला टांगलेले गाणारे पक्षी. 1963 सालचं हे यांत्रिक नवल आहे, आणि लहान पोर त्याकडे तोंड उघडं टाकून बघतं. नावेत बसून जगभरच्या बाहुल्या बघायच्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या राइडमध्ये आपला ताजमहालसुद्धा आहे. फक्त नावेत उतरताना पाऊल खाली टाकावं लागतं, तेव्हा मुलाचा हात धरा.

संध्याकाळी, ऊन कलायला लागलं की तुमच्या यजमानांना प्रवेशाजवळच्या चौकात आणा. तिथे रोज बँडच्या सुरात झेंडा उतरवतात आणि गर्दीतल्या माजी सैनिकांना मान देतात. झेंडा त्यांचा आहे, तरी सैन्यातला माणूस तिथे आपोआप ताठ होतो. माझे मामेसासरे झाले होते.

तिथेच, त्या चौकात, अग्निशमन केंद्राच्या इमारतीकडे वर बघा. वरच्या मजल्यावर वॉल्ट डिस्नेंची राहायची छोटी खोली होती. ते मुक्कामाला असले की खिडकीत दिवा असायचा. ते 1966 मध्ये गेले, पण दिवा आजही तेवत ठेवतात. हजारो माणसं खालून जातात, वर बघणारी थोडी असतात. नातीला तुम्ही दाखवा. दिवा लावून ठेवणं म्हणजे काय, ते तिला तुमच्याइतकं कोण सांगणार?

सत्तरीच्या सोहळ्याला वेगळं तिकीट लागतं का? आणि त्यात नेमकं काय बघायचं?
— एक वाचक, नाशिक

वेगळं तिकीट नाही. रोजच्या तिकिटातच सगळं येतं. मात्र तिकीट तारखेचं असतं, दारात जाऊन बघू म्हणू नका, आधी काढा. 3 वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही.

बघण्यासारखं मुख्यतः अंधार पडल्यावर आहे. दिव्यांची मिरवणूक साठाव्या वर्षी, 2015 मध्ये सुरू झाली होती, ती या सोहळ्यासाठी परत आणली आहे. पंधरा लाखांहून जास्त दिवे आहेत म्हणे. मोजले नाहीत, पण जवळ आल्यावर बाळाच्या गालावर रंग हलताना दिसतात. बाहुल्यांच्या त्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर नवा प्रकाशाचा खेळ होतो, तो लहान असला तरी मला सगळ्यांत आवडला. पाण्याच्या कारंज्यांचा मोठा कार्यक्रम शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कात असतो. ते पार्क वेगळं, 2001 सालचं, आणि दोन्ही एका दिवसात करायचं तिकीट महाग पडतं. ज्येष्ठ बरोबर असतील तर एकच पार्क करा. कुठला कार्यक्रम कधी, ते त्या दिवशी सकाळी त्यांच्या ॲपवर बघून ठरवा. रोज सगळंच असतं असं नाही. शाल विसरू नका, दुपारी भाजून काढणारी हवा रात्री गार होते.

आम्ही शाकाहारी आणि ज्या दिवशी जाणार त्या दिवशी माझी संकष्टी आहे. आत घरचं खाणं नेऊ देतात का?
— एक वाचक, नागपूर

देतात. गरम करावं लागणार नाही असं काहीही चालतं. काचेचं भांडं चालत नाही, तेव्हा लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. दशम्या, धपाटे, मेथीचे ठेपले संध्याकाळपर्यंत उत्तम राहतात. उपासाला राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे आणि केळी घ्या. साबुदाण्याची खिचडी मी नेली होती, तिचा दुपारी गोळा झाला. टिकी रूमच्या बाजूला अननसाचं मऊ आइस्क्रीम मिळतं, त्यात दूध नसतं. ते उपासाला चालवायचं की नाही, ते तुमच्या घरच्या रीतीवर. चंद्रोदयाची वेळ भारतातली बघू नका, तिथली बघा.

मावशी, मी फ्रीमाँटला राहतो. गेल्या वर्षी 17 जुलैला सुट्टी मिळाली नाही. या वर्षी त्याच तारखेला आई-बाबांना घेऊन यावं का? आणि वॉल्ट डिस्नेंचा हलता-बोलता पुतळा ठेवलाय, त्याला त्यांच्या नातीनेच विरोध केला होता असं वाचलं. तो बघावा का?
— एक वाचक, फ्रीमाँट

अरे, मी गेल्या वर्षी त्या दिवशी तिथे होते. गुरुवार होता. दार उघडायच्या आधी तासभर पोचले, तरी पुढे समुद्र. ही गर्दी राइडसाठी आलेली नव्हती. एकमेकांना ओळखत नसलेले लोक "हॅपी बर्थडे" म्हणत होते. घरी शिवलेले फ्रॉक, तीन पिढ्यांचे सारखे टीशर्ट.

त्या लोकांना वाढदिवसाचं इतकं का वाटतं, ते पहिला दिवस माहीत असला की समजतं. संत्र्याच्या बागा तोडून साधारण एका वर्षात उभं केलेलं हे पार्क, खर्च 1.7 कोटी डॉलर. 17 जुलै 1955, रविवार. फक्त निमंत्रितांसाठी. पण बनावट तिकिटं निघाली आणि माणसं अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट आली. कडक ऊन, नुकतंच ओतलेलं डांबर, त्यात बायकांच्या टाचा रुतत होत्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास यांपैकी एकच वेळेत होणार होतं. डिस्नेंनी संडास निवडले. आणि हे सगळं टीव्हीवर थेट दिसत होतं. सूत्रसंचालन करणाऱ्यांत एक रोनाल्ड रेगन होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. इतकी फजिती झाल्यावर दुसरा कुणी खचला असता. सोमवारी सकाळी लोकांसाठी दार उघडलं, प्रवेश एक डॉलर, आणि ते चालू राहिलं.

दुपारी मी सावली शोधत एका बाकड्यावर बसले, तर शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई. लहानपणी वडिलांबरोबर आल्या होत्या. त्यांनी पाकिटातून एक कागदाचा तुकडा काढला, बोटभर लांब, कडा पिवळ्या पडलेला. जुनं 'ए' तिकीट. पूर्वी 'ए' पासून 'ई' पर्यंत कुपनांचं पुस्तक मिळायचं. मोठ्या राइडची 'ई' कुपनं पहिल्यांदा संपायची आणि मेरी-गो-राउंडचं 'ए' घरी परत यायचं. 1982 मध्ये ती पद्धत बंद झाली. त्यांच्या आईने हे शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. मला हातात धरू दिलं त्यांनी. मी घामेजलेला तळवा आधी पदराला पुसला.

आता पुतळ्याचं. ऑपेरा हाउसमधला तो कार्यक्रम त्याच दिवशी सुरू झाला. आधी त्यांच्या आयुष्यावरची चित्रफीत, मग पडदा सरकतो आणि आपल्या कचेरीत, टेबलाला टेकलेले वॉल्ट डिस्ने उठून बोलायला लागतात. टायवर त्यांच्या आवडत्या स्मोक ट्री रँचची नेहमीची अक्षरंसुद्धा आहेत. त्यांची नात जोआना मिलर यांनी याला उघड विरोध केला होता. आजोबांना हे आवडलं नसतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. माझ्या आईचा आवाज मी जपून ठेवलाय, पण तिचा असा पुतळा मला नको. तरी तू बघ, कारागिरी थक्क करणारी आहे, पंधरा-वीस मिनिटं गार हवेत बसायला मिळतं, आणि आई-बाबांना तो माणूस कोण होता ते कळेल. बाहेर पडल्यावर त्यांना खिडकीतला तो दिवा दाखव. माझ्या मते माणूस तिथे जास्त आहे.

तारखेचं म्हणशील, तर आई-बाबांना गुडघ्याचा, बीपीचा त्रास असेल तर 17 जुलै टाळ आणि मे महिन्यातला मंगळवार-बुधवार बघ. सोहळा तोच आहे, गर्दी कमी. दोघंही धडधाकट असतील आणि तुला तो दिवसच हवा असेल, तर ये. या वर्षी 17 जुलै शुक्रवारी आहे. गुरुवारी संध्याकाळी गाडीने निघायचा विचार सोड, सात तासांच्या प्रवासानंतर सकाळी त्यांच्याने उभं राहवणार नाही. बुधवारी ये, आणि राहायची सोय झाली नाही तर मासिकाच्या पत्त्यावर कळव, आमच्या घरी दोन गाद्या रिकाम्या आहेत.