आधी कागद, मग जंपर

प्रिय मित्रा,

तुझ्या जुन्या मशीनवर मोडेम (फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारं कार्ड) नंबर फिरवायला लागला की माउस गोठतो, एवढंच तुझं मूळ दुखणं होतं. त्यावर तू एकाच बैठकीत मोडेमचं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलंस, जंपर (कार्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या तारेचा क्रमांक, ५ केलास, ड्रायव्हरही काढून पुन्हा टाकलास. आता साउंड कार्ड मुकं झालंय आणि तू घाबरलायस. माउस सुधारला का, हे तर तू पाहिलंच नाहीस!

एका वेळी एकच बदल. तोही आधी कागदावर.

कॉम म्हणजे माउस-मोडेमसारख्या गोष्टींचे सिरियल पोर्ट. कॉम १ चा पत्ता ३एफ८, कॉम ३ चा ३ई८. पत्ते वेगळे दिसले म्हणून तू निर्धास्त राहिलास. पण दोघांचाही नेहमीचा आयआरक्यू ४ च, आणि आयसा (जुन्या धाटणीच्या स्लॉटमधल्या) कार्डांना तो एकमेकांत वाटून घेणं सहसा जमत नाही. माउस कॉम १ वर, मोडेम कॉम ३ वर; मोडेम झोपलेला असेतो सगळं सुरळीत. स्लॉट बदलून काय होणार होतं? आयसाच्या सगळ्या स्लॉटना त्याच तारा जातात. जंपर मात्र तू बरोबर जागी हलवलास, फक्त ५ वर बहुतेकदा साउंड कार्ड बसलेलं असतं. म्हणजे अर्धं उत्तर तुझ्या हाती आलं होतं आणि ते तुला कळलं नाही. याचीच मला चीड येते.

कारण मीही हेच केलंय. एका कचेरीतलं मशीन रात्रीत तीन गोष्टी एकदम बदलून चालू केलं, शाबासकी घेतली. काही महिन्यांनी ते पुन्हा अडलं तेव्हा मागच्या वेळी नेमकं कशाने चाललं होतं, ते मला सांगता येईना. भरवसा ठेवणारा माणूस समोर उभा होता. तेव्हापासून वही. लोक मला संथ म्हणाले, काही कामंही हातची गेली. जाऊ देत. वहीतलं काम मी पुन्हा करून दाखवू शकतो, घाईतलं नाही.

आज एवढंच कर. विंडोज ९५/९८ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळ्यात वरच्या ‘कॉम्प्युटर’वर डबल क्लिक कर, आयआरक्यूंची यादी उतरवून घे. मग बायॉसमधून (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधून) मदरबोर्डवरचा कॉम २ बंद कर आणि मोडेम त्या जागी ने: २एफ८, आयआरक्यू ३. मशीन चालू करून माउस पाहा, मोडेम पाहा, साउंड पाहा. लिही. नाही जमलं तर पुढचा बदल करण्याआधी मला कळव, कागदासकट.

तुझा,
काका