मोबेद मोठा की हेरबद?

प्रश्न : जुन्या इराणबद्दल वाचताना झरथुष्ट्राच्या धर्मातल्या पुजाऱ्यांसाठी मागी, हेरबद, मोबेद असे शब्द येतात. हे सगळे एकच का? आणि पूजाअर्चा सोडून त्यांना समाजात कोण विचारायचं?

उत्तर : एकच नाहीत, आणि गोंधळ होतो कारण हे शब्द एका काळातलेच नाहीत, हजाराहून जास्त वर्षांचा पसारा आपण एकत्र कालवतो. सगळ्यात जुना झोतर, गाथांमध्ये, म्हणजे झरथुष्ट्राच्या स्तोत्रांमध्ये, तो स्वतःला हेच म्हणवतो, आपल्या वेदातल्या होतृचा सख्खा भाऊ म्हणा ना. मग येतात मागी. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की मीडिया या वायव्य इराणमधल्या प्रांतातल्या 6 जमातींपैकी ही एक, आणि मागी हजर नसेल तर पर्शियन माणसाला बळी देता यायचा नाही. म्हणजे बघा, कार्य पर्शियनांच्या घरचं, पण भटजी मात्र मागीच!

पण खरी हुद्द्यांची शिडी दिसते ती ससानी राजवटीत, इ.स. 224 ते 651. हेरबद म्हणजे मूळचा शिकवणारा गुरू, मोबेद म्हणजे मागींचा प्रमुख, आणि पुढे सगळ्यांच्या डोक्यावर मोबेदान मोबेद, शब्दशः मोबेदांचा मोबेद, जसा शहनशाह म्हणजे राजांचा राजा. ही नक्कल मला तरी योगायोग वाटत नाही.

शिडी कशी चढायची ते बघायचं तर तिसऱ्या शतकातला पुजारी कर्तीर बघा. ससानी राजा पहिल्या शापूरच्या वेळी हा नुसता हेरबद, पुढे पहिल्या होर्मिझ्दने त्याला टोपी आणि कमरपट्टा दिला, म्हणजे थेट सरदारांचा मान, आणि दुसऱ्या बहरामने तर अख्ख्या साम्राज्याचा मोबेद आणि न्यायाधीश करून टाकलं, वर इस्तखर शहरातल्या पवित्र अग्नीचा कारभारही दिला. हे सगळं त्याने स्वतःच दगडावर कोरून ठेवलंय, एकदा नाही 4 ठिकाणी, स्वतः राजा नसूनही!! ज्यू, बौद्ध, ब्राह्मण, ख्रिश्चन, नवा धर्म काढणाऱ्या मानीचे अनुयायी यांना कसं चेपलं तेही अभिमानाने लिहिलंय. साधे मोबेद पण नुसते अग्नीपुढे बसलेले नव्हते, त्यांचे शिक्के मारलेले मातीचे ठसे सापडलेत, कागदपत्रं, न्यायनिवाडा सगळीकडे त्यांचा हात.

बाकी अग्नी सांभाळणारा, होम वनस्पती (आपल्या वेदातला सोम) कुटणारा, पाणी आणणारा अशी जी 8 नावं मिळतात ती विधीतली कामं, हुद्दे नव्हेत, त्यात गल्लत करू नका. आणि हेरबद शेवटी खालचाच ठरला, आजच्या पारशांमधला एर्वद हा शब्द त्याचाच, अजूनही दस्तूरच्या, म्हणजे मुख्य पुजाऱ्याच्या, खालीच आहे बिचारा.